दाखल्यावरचं कारण

प्रदर्शनाला दोन दिवस उरले होते आणि दहावीच्या वर्गाचा दिवा काही केल्या नीट पेटेना. शाळेच्या गच्चीवर सौर पॅनेलभोवती मुलांनी कोंडाळं केलं होतं. छत्तीस सेल त्यांनीच ओळीने जोडलेले. सकाळी लख्ख उजळलेला दिवा अकराच्या सुमाराला मलूल झाला. कुणी तारा हलवून पाहत होतं, कुणी दिव्यालाच टिचक्या मारत होतं. विज्ञान शिकवणाऱ्या त्यांच्या वर्गशिक्षिका बाईंचा जीव नुसता खालीवर होत होता.

शेवटी कुणीतरी टाचणीला हाक मारली. टाचणी म्हणजे शिंप्याची पंधरा वर्षांची मुलगी. अंगाने काडी, पण हात बापासारखा स्थिर. निम्मे जोड तिनेच सोल्डर केले होते, एक बोटही भाजून घेतलं होतं. तिने तारांना हात लावला नाही. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीची सावली सरकत कोपऱ्यातल्या एका सेलवर आली होती, तिकडे बोट दाखवलं.

"ओळीतला एक झाकला की सगळ्यांचा प्रवाह अडतो, बाई."

पॅनेल हातभर सरकवलं आणि दिवा उजळला. पोरं टाळ्या पिटत होती तेवढ्यात शिपाई वर आला: टाचणीचे वडील तिचा शाळा सोडल्याचा दाखला न्यायला आलेत. टाचणीचा चेहरा पडला. घरी आठ दिवस लग्नाचं घाटत होतं. प्रदर्शनापर्यंत थांबतो, असा शब्द बापाने दिला होता.

बाईंबरोबर ती खाली ऑफिसात आली, तेव्हा शिंपी गळ्यातली टेप चाळवत उभा होता. माणूस वाईट नव्हता हो, नुसता घाबरलेला. स्थळ चांगलं आहे, ते थांबायला तयार नाहीत, पोर गच्चीवर मुलांबरोबर हात भाजून घेते हे त्यांच्या कानावर गेलं तर संपलंच, असं तो बाईंना पुन्हा पुन्हा सांगत राहिला. बाई कायदा सांगू लागल्या. त्याने मान खाली घातली, पण पाय काही हलवला नाही. कारकुनाने सवयीने रजिस्टर उघडलं. शाळा सोडण्याचं कारण या रकान्यात तो 'घरगुती' लिहू लागला. काय सोयीचा शब्द आहे पाहा! त्याच्याआड काहीही खपतं आणि कुणाची झोप उडत नाही.

"काका, खरं कारण लिहा," टाचणी म्हणाली. "लग्न लिहा. शेजारी वय लिहा, पंधरा. मग बाबा सही करतील."

कारकुनाचा हात थांबला. असं कसं लिहिणार, आम्हीच अडकू, तो पुटपुटला.

"मग बाबांनी सही कशी करायची?"

शिंप्याने पेन उचललं. मुलीच्या भाजलेल्या बोटाकडे पाहिलं, मग सुईने चाळण झालेल्या स्वतःच्या बोटांकडे. पेन खाली ठेवलं. उद्या बघू, म्हणाला.

"उद्याही मी हेच म्हणणार, बाबा."

तो निघून गेला. सावली पुन्हा सरकली असेल म्हणून टाचणी गच्चीकडे पळाली.

बाई तिथेच उभ्या राहिल्या. त्यांनी रजिस्टर ओढून मागची पानं उलटली. सहा वर्षांत अकरा मुली. घरगुती कारण, घरगुती कारण. प्रत्येक ओळीच्या शेवटी वर्गशिक्षिकेची सही होती, आणि ती सही बाईंचीच होती.

त्यांनी कारकुनाकडे कोरा कागद मागितला आणि पहिल्या मुलीचा पत्ता उतरवून घेतला.