जोडलेली तार

बायकोचा, जमिलाचा, चाळिसावा उरकला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी युसुफने चाकणच्या वेशीजवळचं आपलं गॅरेज उघडलं. लोक म्हणाले, गडी घट्ट आहे. घट्ट कसला! आतून लाकूड झालं होतं त्याचं. चहात साखर आहे की नाही, एवढंही जिभेला कळत नव्हतं.

दुपारी चिंचवडचे डॉक्टर आठल्ये आपली जुनी विलायती मोटार बैलजोडीने ओढवून घेऊन आले. डावा गुडघा कामातून गेलेला, तरी गावोगाव रोगी बघत फिरायची खोड जात नव्हती.

"या क्लचची तुटकी तार काढून टाक," ते म्हणाले. "ब्रेकला असतो तसा तेलावरचा क्लच बसव. पाय फार दुखतो."

तारेचं नाव निघालं आणि युसुफ हातातला पाना उगाच पुसत राहिला.

कारण ती तार त्यानेच दुरुस्त केली होती. पुण्याहून नवी यायला आठवडा लागला असता, म्हणून याने जुनीलाच सायकलच्या ब्रेकची तार पिळून डाख दिला. वेळ मारून नेता आली की कारागिराची छाती उगाच फुगते. वर 'नवीच टाकली' असंही सांगून मोकळा झाला. महिन्याभराने जमिलाला न्यूमोनिया झाला. निरोप गेला, डॉक्टर पेनिसिलिन घेऊन निघाले आणि मोशीच्या चढावर तार तुटली. दुखऱ्या पायाने चालत ते तीन तासांनी पोचले. औषध बनायचं पिंपरीत, दहा-बारा मैलांवर. पण तोवर सगळं आटोपलं होतं.

हे युसुफने कुणाला सांगितलं नव्हतं. डॉक्टर पुन्हा दारात उभे राहणार नाहीत, ही एक भीती. आपल्याच तोंडून ते ऐकावं लागेल, ही दुसरी, आणि हीच मोठी.

चार दिवस तो राबला. देहूरोडच्या लष्करी लिलावातले दोन सिलिंडर, एक पेडलपाशी, एक गिअरबॉक्सपाशी, मध्ये तांब्याची नळी. तेल भरलं. आता नळीतली हवा काढायची, नाहीतर पेडल पोकळ जातं, आणि ते एकट्याचं काम नव्हे. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने गाडीखाली निजून बूच सैल करायचं. आजवर ब्रेकची हवा काढताना पेडलवर जमिला असायची. तालुक्यातल्या निम्म्या मोटारींत ती बसली, पण एकीतूनही कधी फिरली नाही.

आज डॉक्टरच बसले. खालून युसुफ सवयीने ओरडला, "दाब गं!"

वर कुणी हसलं नाही. पेडल खाली गेलं, बुचातून फेस आला.

"डॉक्टरसाहेब," युसुफ निजल्या निजल्या म्हणाला, "ती तार नवी नव्हती. मी सायकलची जोडली होती."

पेडल दाबलेलंच राहिलं.

"माहीत आहे," डॉक्टर म्हणाले. "मोशीलाच पाहिलं मी."

"मग गाडी माझ्याकडंच का आणली?"

"दुसरा कोणीही पुन्हा जोडून देईल. तू देणार नाहीस."

युसुफने बूच आवळलं, सैल केलं, पुन्हा आवळलं. आता फेस थांबून स्वच्छ तेलाची सरळ धार येत होती; हवा संपली होती. आणि जमिला गेल्यापासून पहिल्यांदाच त्याला रडू फुटलं.

"झालं का रे?" डॉक्टरांनी विचारलं.

"अजून थोडी हवा हाय, साहेब."

डॉक्टरांनी दुखऱ्या पायाने पुन्हा पेडल दाबलं आणि धरून ठेवलं.