पापडावरचा धनेश

पेणला खाडीकडच्या आळीत जगन म्हात्र्यांच्या गच्चीवर दोन वाळवणं पडत: बायको बायजाबाईंचे उडदाचे पापड आणि जगनदादांची पोस्टाची तिकिटं. पाकिटाचा कोपरा पाण्यात भिजवायचा, तिकीट अलगद सोडवायचं आणि पेपरावर पालथं वाळत घालायचं, ही दादांची रीत. नाण्यांचा डबाही होता, अगदी भोकाच्या पैशापासून सगळी होती त्यात, पण नाणी आपली गुमान पडून असायची. लाड व्हायचे ते तिकिटांचे.

लेक अनिता लहानपणी या छंदात बरोबरीची भागीदार. मिठागरवाल्या शेटच्या दारापासून डॉक्टरांच्या दवाखान्यापर्यंत ती पाकिटं मागत फिरायची. पक्ष्यांच्या चार तिकिटांचा एक संच होता. त्यातले तीन पक्षी मिळाले, पण चौथा धनेश काही केल्या सापडेना. धनेश आला की अल्बम तुझा, असं दादांनी तिला कबूल केलं होतं. पुढं ती लग्न होऊन रोह्याजवळ वरशाला नांदायला गेली, तिची मुलं शाळेत जायला लागली, तरी धनेशाचा पत्ता नाही. दादा हट्ट सोडतील तर शपथ.

आणि गेल्या आठवड्यात रद्दीवाल्याच्या गठ्ठ्यात तो भेटला! एका कळकट पाकिटावर, ऐटीत चोच वर करून. दादांनी तिथंच टाळी वाजवली. रद्दीवाल्याला वाटलं, म्हातारा कामातून गेला. अनिताच्या दिराची, साहिलची, हळद तोंडावर आली होती. त्याच दिवशी अल्बम लेकीच्या हातात द्यायचा बेत ठरला. आदल्या दिवशी दादांनी धनेश भिजवला, सोडवला आणि गच्चीवर वाळत घातला.

हळदीच्या सकाळी वर जाऊन बघतात तर पेपरही नाही आणि धनेशही नाही.

"बायजा, हितला पेपर कुठं गेला गो?"

"त्याच्यावर पापड घातलं व्हतं. साडी पुरली नाय."

"आन् तिकीट?"

"कसलं तिकीट? माझा चष्मा खाली व्हता."

दादांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पालथ्या तिकिटाची डिंकाची बाजू वर, तिच्यावर ओला पापड. चिकटणार नाही तर काय! आणि ते पापड हळदीच्या जेवणासाठी मुलगा प्रवीण पहाटेच टेम्पोतून वरशाला घेऊन गेला होता. फोन लावला तर प्रवीणही उचलेना, अनिताही उचलेना. हळदीच्या घरात फोनकडं लक्ष कोणाचं असतं!

अल्बम काखेत मारून दादा बायकोसकट एसटीत बसले. नागोठणं येईपर्यंत दादा अल्बमचीच पानं उलटत होते. मग एकदम म्हणाले, "तळला असंल गो माझा धनेश."

"माझ्या हातून झालं. मी पापड नीट बघाया पायजे व्हतं," बायजाबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरलेले बघून दादांचाच राग विरघळला. त्यांनी पिशवीतली पाण्याची बाटली काढून बायकोपुढं धरली.

वरशाच्या मांडवात बेंजो जोरात होता. मागच्या अंगणात कढई चढलेली, पहिला घाणा तळून निघालेला, आणि अनिताची सासू पुतळीबाई दुसरा घाणा सोडण्याच्या बेतात.

"थांबा! पापड तळू नका!" दादा ओरडले.

दादांनी धापा टाकत हकिगत सांगितली. पुतळीबाईंनी आधी पोट धरून हसून घेतलं, मग कढई उतरवली. "बसा गो सगळ्या. आपल्या अनिताचा पक्षी हाय तो. पापड उलटं करून बघा."

हळदीनं माखलेले हात कामाला लागले. बायका एकेक पापड उलटा करत होत्या आणि दादांच्या छंदाची यथेच्छ टिंगलही करत होत्या. दादा तळलेल्या ढिगाकडं बघायचं टाळत होते. पापडांचा डबा तळाला गेला आणि अनिता किंचाळली, "बाबा! धनेश!"

पापड वाटीभर पाण्यात गेला, मऊ पडला आणि तिकीट सुटं झालं. धनेशाच्या पंखावर अनिताच्या अंगठ्याचा पिवळा ठसा उमटला होता. जाणकारांच्या लेखी तिकीट वाया गेलं होतं.

"खराब केलं ना मी?" अनिता हिरमुसली.

"खुळी काय गो तू? ह्यो धनेश दुसऱ्या कुणाकडं नाय," दादा म्हणाले, आणि खरोखर त्यांना तसंच वाटत होतं. तिकीट वाळल्यावर त्यांनी ते तिलाच रिकाम्या चौकटीत लावायला सांगितलं आणि अल्बम तिच्या मांडीवर ठेवला.

तिनं तो छातीशी धरला. "बाबा, खरंच देताय? मग तुम्ही काय बघणार?"

"मला बघाया तुझ्या दारात यायला लागल."

"म्हणूनच घेते हाय," अनिता म्हणाली.

दादांनी गाल पुढं केला, आणि लेकीनं त्यावर ओंजळभर हळद फासली.