दुसरी फाईल नको

धाकट्या जावेनं कागद पुढे केला तेव्हा थोरली भाजी निवडत बसली होती.

"आम्हा दोघांचं काही बरंवाईट झालं तर मुलीला कोण सांभाळणार, त्याचं नाव द्यावं लागतं. ताई, तुमचं लिहू?"

"लिही की," म्हणत थोरलीनं ओल्या हातानंच सही ठोकली. मनात मात्र म्हणाली, मूल यायचा पत्ता नाही आणि आत्ताच मरणाच्या गोष्टी!

मुलगी तीन वर्षांची होती, परदेशातल्या एका बालगृहात. दत्तक संस्थेच्या बाई म्हणाल्या होत्या, वर्षभरात घरी येईल. लागली पाच.

थोरली टपाल कचेरीत खिडकीवर बसायची. कागद अडला की माणसं कशी तडकतात हे ती रोज पाहायची. धाकटी दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या बनवायची. दिवसभर एकेक दात घासून बेताचा करायचा. तसंच ती एकेक कागद करत गेली. तपासणीचे दाखले वर्षभरच चालायचे, आणि फाईल टेबलावर पोचेपर्यंत ते शिळे व्हायचे. पुन्हा रक्त, पुन्हा छातीचा फोटो, पुन्हा पोलिसांचा दाखला.

"गेल्या वर्षभरात आपण दरोडा घातलाय की काय?" भाऊजी म्हणाले. धाकटी हसली आणि नव्या तारखेचा फॉर्म भरायला बसली.

मग तिकडचा कायदा बदलला आणि सगळ्याच फायली थांबल्या. चौदा महिने साधं पत्रसुद्धा नाही.

घर तपासायला संस्थेची एक बाई यायची, तेवढी मात्र दरवर्षी न चुकता यायची. तिसऱ्या खेपेला तिनं कपाटं उघडली तशी थोरलीचं डोकं फिरलं.

"मला दोन मुलगे झाले, तेव्हा नाही कुणी कपाटं तपासायला आलं!"

बाई वरमली. धाकटी शांतपणे म्हणाली, "बघू दे ताई. त्या पोरीला आपण कोण, कुठले? तिच्या बाजूनं कुणीतरी बघायला नको का?"

थोरलीनं पुढचं कपाट स्वतःच उघडून दिलं. इतक्या वर्षांत तिनं या सगळ्याकडे मुलीच्या बाजूनं एकदाही पाहिलं नव्हतं.

चौथ्या वर्षी संस्थेचा फोन आला. दुसऱ्या एका देशात वर्षाचं बाळ होतं, निरोगी. हो म्हणालात तर सहा महिन्यांत घरी. फक्त जुनी फाईल बंद करावी लागेल.

भाऊजींनी फोन ठेवला आणि खुर्चीत बसले. "हो म्हणूया का गं? मी थकलोय आता."

"मीही थकलेय," धाकटी म्हणाली. "पण आपला फोटो तिच्या उशाशी आहे. हे तुझे आईबाबा, असं तिला सांगून झालंय. आता ते फोटोतले दुसरीकडे गेले, हे तिला कोण सांगणार? तुम्ही सांगाल?"

भाऊजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "नको. दुसरी फाईल नको."

थोरली तिथेच होती. त्यांच्या जागी आपण असतो तर डोळे मिटून हो म्हटलं असतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी ती धाकटीला म्हणाली, "मुलीला दर महिन्याला पत्र लिही. पाठवायचं माझ्याकडे लागलं." आणि दर महिन्याला ते पाकीट तिनं आपल्या हातानं शिक्का मारून रवाना केलं.

शेवटी धाकटी आणि भाऊजी जाऊन मुलीला घेऊन आले. विमानतळावर आठ वर्षांची, तोंडाच्या मानाने मोठे दोन दात असलेली पोरगी थोरलीसमोर उभी राहिली आणि तिनं गंभीरपणे हात पुढे केला. थोरलीला तिला उराशी धरायचं होतं, पण धाकटीनं डोळ्यांनीच दटावलं. मग थोरलीनंही एखाद्या साहेबाशी करावं तसं हस्तांदोलन केलं.

एकोणीस दिवस मुलगी बोलली नाही. नीट जेवायची, मागोमाग फिरायची, धाकटीची बडबड कान देऊन ऐकायची. पण तोंडातून अक्षर नाही, ना तिच्या भाषेत ना आपल्या.

"अगं, डॉक्टरला तरी दाखव," थोरली म्हणाली.

"बोलेल तिच्या वेळेनं. थांबायची सवय आहे मला."

विसाव्या दिवशी सकाळी दोघी जावा स्वयंपाकघरात होत्या. न्हाणीघरातून दणदणीत आवाज आला, "आई! टॉवेल!"

धाकटी ओट्याशी खिळून उभी राहिली. पाच वर्षांत पहिल्यांदाच तिला काय करावं ते सुचेना.

"आई! टॉवेल!" आता आवाजात चक्क वैताग होता.

"अगं जा ना, पोरगी कुडकुडतेय!" थोरलीनं तिला खांद्याला धरून हलवलं. धाकटी धावली. दूध वर आलं होतं. थोरलीनं गॅस बंद केला आणि पदरानं डोळे पुसले.