सुकेशनीसारखे दंड

“तू ऱ्हाऊ दे. सुकी आली की बघू.”

सकाळचे साडेदहा वाजले होते आणि सुकी, म्हणजे माझी धाकटी जाऊ सुकेशनी, तीन वाजता कामावरून येणार होती. माझ्या सासूबाईंना, दगडाबाईंना, लघवीला जायचं होतं. तसं त्या बोलल्या नव्हत्या, पण त्या पायाचे अंगठे एकमेकांवर घासायला लागल्या की काय समजायचं, हे मी वीस वर्षांत शिकले आहे. लघवीला बसायची भांड्याची खुर्ची खाटेपासून दोन पावलांवर होती आणि मी पदर खोचून समोर उभी होते.

“आत्याबाई, मी धरते की. दोन पावलं तर हायत.”

“नगं म्हनलं ना! पुन्यांदा पाडशील.”

पाडलं होतं, ते खरं. गेल्या दसऱ्याच्या आधी मी त्यांना खाटेवरून उठवताना काखेत हात घालून हिसका दिला, माझ्याच कमरेत कळ आली आणि आम्ही दोघीही फरशीवर. त्यांचं मनगट सहा आठवडे प्लास्टरमध्ये होतं. तेव्हापासून खाटेजवळ माझा आवाज जरी आला तरी त्या अंग ताठ करतात, आणि ताठ झालेलं माणूस उचलता येत नाही. काचबिंदूनं त्यांचे डोळे नेले आणि गुडघ्यांनी चालणं. उजेड आणि अंधार तेवढा कळतो. माणसं त्या आवाजावरून आणि हातावरून ओळखतात, आणि त्यांना हात हवा तो सुकेशनीचा.

ही सुकेशनी घरात आली सहा वर्षांपूर्वी. मी आले वीस वर्षांपूर्वी. आत्याबाईंचं न्हाणं, वेणी, पथ्याची भाकरी, फर्दापूरहून पाहुणे आले की त्यांच्या त्याच त्याच गोष्टींना हुंकार देणं, हे सगळं माझ्याकडं. सुकेशनी एका दवाखान्यात आया आहे, दिवसभर पेशंट उचलते आणि ठेवते. घरी येते, पर्स खुंटीला लावते, एक शब्द न बोलता सासूला घडी घातलेल्या चादरीसारखी उचलते, आणि आत्याबाई म्हणतात, “आली गं माझी बाय.” माझी बाय! मला वीस वर्षांत एकदाही म्हणाल्या नाहीत. मी जळत होते, आणि जळत होते हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

मी पडेगावात घरीच ब्लाउज शिवते, त्यामुळं माणूस दिसलं की मला आधी त्याचं माप दिसतं. सुकेशनीचा दंडघेर साडेबारा इंच. टेप घट्ट केली तरी मांस दबत नाही. माझा तेरा, म्हणजे तिच्यापेक्षा अर्धा इंच जास्तच. पण माझा हलतो.

उन्हाळा लागला तसं आत्याबाईंनी सकाळचं पाणी पिणं सोडलं. पाणी प्यायलं की उठावं लागतं, आणि तीन वाजेपर्यंत उठायचं नाही असं त्यांनी ठरवलेलं. मे महिन्यात ताप आला. डॉक्टर म्हणाले, लघवीचा संसर्ग आहे, पाणी पाजा. दवाखान्यातून परत येताना रिक्षात आमचे हे, सोनाजी, माझ्याकडं न बघता बोलले.

“आसं करू. आईची खाट हनुमानकडं हलवू. सुकेशनी सकाळपाळी सोडती म्हनली.”

“आन मी?”

“तू काय? तुझं शिवण हाय की. आता लगीच नाय म्हनत. पोळ्यापर्यंत बघू.”

हनुमान माझा दीर, सुकेशनीचा नवरा. त्याच्या दोन खोल्या आमच्या भिंतीला लागूनच आहेत. खाट काही लांब जाणार नव्हती, दहा पावलं. पण ज्या घरात वीस वर्षं मी सून होते तिथं उद्या मी शिंपीण म्हणून उरणार होते. दुसऱ्या दिवशी मी जिमला गेले.

रोडवरच्या सिमेंटच्या दुकानाच्या वर ती जिम आहे, सकाळी अकराला बायकांची बॅच. शिकवणारी प्रेरणा, पोरसवदा, डोक्यावर उंच बांधलेली शेंडी.

“बोला काकू. वजन कमी करायचंय?”

“नाय. दंड पायजेत. सुकेशनीसारखे.”

“सुकेशनी कोण?”

“माझी जाऊ.”

ती हसली. मग मी सासूचं सांगितलं तसं हसू थांबलं.

“वजन किती आहे त्यांचं?”

“एकोणपन्नास किलो. दवाखान्यातल्या काट्यावर.”

“मग ते दंडाचं काम नाही, काकू. ते मांड्यांचं आणि पाठीचं काम आहे. दंड नुसते धरायला.”

मला वाटलं, पोरगी टाळतेय. तरी मी मापांची वही पुढं केली आणि तिनं दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या कोऱ्या पानावर माझा आठवडा लिहिला. तीन दिवस व्यायाम. प्रत्येक दिवशी सगळं अंग. खुर्चीवर बसायचं नि हात न टेकता उठायचं, भिंतीला ढकलायचं, रबरी पट्टा ओढायचा, वाळूची पिशवी स्टुलावरून उचलायची आणि ती पोटाशी धरून चालायचं. सुरुवात पाच किलोनं. सोमवार माझा उपवासाचा, म्हणून तिनं मंगळवार धरला.

“आन बाकीचे चार दिवस?”

“आराम.”

“आराम? म्हंजी काय करायचं?”

“काहीच नाही. अंग आरामातच भरतं, काकू.”

हे मला पटेना. सुकेशनी आठवड्याला सहा दिवस माणसं उचलते आणि मी तीन दिवस भिंत ढकलून तिला गाठणार? शिवाय आराम हा शब्द आमच्या घरात फक्त आजारी माणसासाठी वापरतात. मी तेलाच्या दोन पाच किलोच्या डब्यांत ज्वारी भरली आणि घरीच रोज हात वर-खाली सुरू केले. सकाळी शंभर, संध्याकाळी शंभर. बसणं-उठणं सोडून दिलं, कारण मांड्या साडीत कुणाला दिसतात? सोमवारी साबुदाण्याची खिचडी खाऊन, चतुर्थीला तर नुसत्या चहावर. तिसऱ्या आठवड्यात उजवं कोपर सुजलं आणि कात्री फिरेना.

प्रेरणानं कोपर बघितलं आणि माझ्यावर डाफरली.

“काकू, तुम्ही पुढचा भाग शिवून पाठ तशीच सोडता का कधी?”

“आसा ब्लाउज कोन घालंल?”

“मग हेच तर केलंय तुम्ही! नुसता पुढचा भाग शिवत बसलात. जेवढं ढकललं तेवढं ओढायचं. जेवढे हात तेवढे पाय. नाहीतर एकीकडून खेचलं जातं आणि दुसरीकडून उसवतं.”

हे मात्र मला लगेच कळलं. आधीच असं सांगितलं असतं तर माझे तीन आठवडे वाचले असते.

कोपर उतरायला दोन आठवडे लागले. त्या दिवसांत ते कुणी चोळलं? सुकेशनीनं. मला नको होतं, पण हे म्हणाले, ती दवाखान्यातली आहे, तिला कळतं. तिनं तेल कोमट केलं, अंगठा हाडाच्या बाजूनं असा फिरवला की कळ सुटत गेली. तिच्या हातात काहीतरी आहे, हे आता माझ्याच कोपरानं मला सांगितलं, आणि माझा आणखी जळफळाट झाला.

“अक्का, आत्याबाई म्हनत्यात तुमी अकराला भायेर जाता. कुठं जाता हो?” चोळता चोळता तिनं विचारलं.

“बटनं आनायला.”

कोपर उतरल्यावर मी पानावर लिहिलं तसं करायला लागले. मंगळवार, गुरुवार, शनिवार. मधल्या दिवशी ज्वारीचे डबे दिसू नयेत म्हणून ज्वारी दळून आणली. पाचाची पिशवी आठाची झाली, आठाची बाराची. स्टुलावरून उचलायची ती आषाढात जमिनीवरून उचलायला लागले. पाय फाकवून उभं राहायचं, ओझं अंगाशी घ्यायचं, कमरेत न वाकता मांड्यांनी उठायचं. आणि उचलताना बोलायचं नाही, श्वास सोडायचा. मला हे शेवटचं सगळ्यात जड गेलं, कारण मी जन्माची तोंडाळ. श्रावणात मी तीस किलोची पिशवी घेऊन जिमच्या या टोकापासून त्या टोकाला गेले तेव्हा बॅचमधल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. घरी येऊन दार लावून मी टेप काढली. दंडघेर तेराच! तीन महिने घाम गाळून सुताचा फरक नाही. दाबून बघितलं. आता हलत मात्र नव्हता.

एक गोष्ट सांगायची नव्हती, पण सांगते. राखीपौर्णिमेच्या सुमाराला सुकेशनी एकदा माझ्या मशीनपाशी येऊन बसली.

“अक्का, तुमी जिमला जाता म्हनं. सुट्टीच्या दिशी मला बी घेऊन चला ना. कंबर लई दुखती माझी. पेशंट उचलू उचलू पार वाट लागली.”

तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. ते मला दिसलं. तीन वाजता दमून आली तरी तिला कुणी विचारत नाही, हेही दिसलं. पण आधी मनात काय आलं? की बरं झालं, तिचीही दुखते. आणि नंतर आलं की ही तिथंही आली तर तिथंही माझ्या पुढं जाईल.

“बॅच भरली गं,” मी म्हणाले.

बॅचमध्ये आम्ही सात जणी होतो आणि जागा वीस जणींची होती.

पोळ्याला आठ दिवस उरले होते. बुधवार होता. दुपारचा एक वाजला असेल. मी बाही जोडत होते आणि खाटेवर आत्याबाई अंगठे घासायला लागल्या. मी मशीन थांबवलं. या वेळी विचारलं नाही. विचारलं की त्या ताठ होतात आणि नगं म्हणतात. अनवाणी गेले, खाटेपाशी पाय फाकवून उभी राहिले, त्यांचे दोन्ही हात माझ्या खांद्यावर घेतले, छातीशी धरलं आणि श्वास सोडला.

त्या वर आल्या. पिशवीपेक्षा जड, पण पिशवीपेक्षा सोप्या, कारण त्यांनी अंग सोडलं होतं. मान माझ्या खांद्यावर टाकली होती. वीस वर्षांत त्या इतक्या जवळ कधी आल्या नव्हत्या. माझी कंबर कुरकुरली नाही, पाय हलले नाहीत. दोन पावलं गेले, वळले आणि अलगद खुर्चीवर टेकवलं. मला वाटलं आता बोलावं, आत्याबाई, बघा, मीच!

“सुके,” त्या म्हणाल्या, “आज लवकर सुटलीस व्हय?”

मी तोंड उघडलं होतं. त्यांना परत खाटेवर न्यायचं होतं. माझा आवाज आला असता तर त्या ताठ झाल्या असत्या आणि आम्ही दोघी पुन्हा फरशीवर गेलो असतो. मी तोंड मिटलं, त्यांचं उरकल्यावर त्यांना तसंच उचललं आणि खाटेवर आणून बसवलं.

“तुझा हात लागला की भ्या वाटत नाय बघ. पानी दे गं. तू हायस तर पिते.”

मी तांब्या भरून दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला आणि घटाघटा पूर्ण प्यायला, उन्हाळा लागल्यापासून पहिल्यांदाच, भर दुपारी. पाणी हनुवटीवरून ओघळलं ते मी पदरानं पुसलं. आता त्या खाटेवर नीट टेकल्या होत्या. आता सांगितलं असतं तरी कुणी पडणार नव्हतं. पण सांगितलं असतं तर पुढचा तांब्या त्यांनी घेतला नसता. मी त्यांच्या पायाशी बसले आणि पाय दाबायला लागले. त्यांनी माझ्या दंडाला हात लावून बघितला आणि हसल्या.

दारात मंजुषा आली, माझं गिऱ्हाईक, तिचा ब्लाउज न्यायला.

“रत्नमालाताई! हायत का घरात?”

माझंच नाव, पण मी पाय दाबत राहिले. तिनं पुन्हा हाक मारली.

“सुके,” आत्याबाई म्हणाल्या, “सांग तिला, रत्नी घरात नाय म्हनून.”

मी उठले. दाराशी जाऊन तोंडावर बोट ठेवलं, मंजुषाचा ब्लाउज तिच्या हातात दिला आणि दार लोटून घेतलं. तीन वाजायला अजून दीड तास होता. मी तांब्या पुन्हा भरला आणि खाटेपाशी येऊन बसले.