पहिल्या धावेचा मान

शेखरने आपली खुर्ची मागे सरकवली, रुमालाने कळफलकावरची धूळ पुसली आणि संगणकासमोरची जागा मोकळी करून दिली.

"जीवनदादा, पहिला मान तुमचा. मी तुमच्या मागून."

कार्यालयात उभ्या असलेल्या सर्वांनाच ते बोलणे शोभून दिसले. जीवनने सदऱ्याची बाही सारखी केली आणि तो सावकाश बसला. मेहकरच्या या शिक्षणसंस्थेत अकरा वर्षांपूर्वी पहिला संगणक त्यानेच सुरू केला होता. संस्थेच्या सात शाळांचे निकाल लावणारा प्रोग्राम त्याने पायथन नावाच्या भाषेत, पुस्तक मांडीवर घेऊन, एकेक ओळ शिकत लिहिला होता. आणि चार वर्षांपूर्वी नोकरीस लागलेल्या शेखरला ती भाषा शिकवणाराही तोच. आता त्या प्रोग्राममधला गुणानुक्रम लावण्याचा तुकडा शेखरने आपल्या पद्धतीने नव्याने लिहिला होता. दोन्ही तुकड्यांना गुणांची एकच मोठी फाइल द्यायची. ज्याचा वेळ कमी, त्याच्या हाती निकालाचे काम, आणि दुसऱ्याने जानेफळच्या शाळेत लिपिकाच्या टेबलावर बसायचे, असे संस्थेचे सचिव रमाकांतराव यांनी ठरवले होते.

"कोणाले शंका नको म्हणून मशीन आताच बंद करून चालू केली," शेखर म्हणाला.

"चांगलं केलं," जीवन म्हणाला, आणि त्याने कळ दाबली.

पडदा जागचा हलेना. आतली हार्ड डिस्कची चकती घरघरत राहिली. आस्थापनेच्या छायाताई हातातली फाइल छातीशी धरून पुढे वाकल्या.

"दादा, चढ लागला वाटते. दुसऱ्या गेरात टाका."

सगळे हसले. जीवनही हसला. मग आकडा उमटला : नऊ पूर्णांक चार सेकंद. त्यानंतर शेखरने उभ्या उभ्याच कळ दाबली, आणि छायाताईंना दुसरा विनोद सुचण्याआधीच त्याचा आकडा आला. तीन पूर्णांक एक.

"झालं तर," रमाकांतराव म्हणाले. "छायाताई, दोन ओळींचा अहवाल टाइप करा. खाली जीवनरावांची सही, साक्षीदार म्हणून शेखरची. मी लोणारच्या शाळेत जाऊन चारपर्यंत येतो."

सारे पांगले. जीवन मात्र तिथेच बसून राहिला. त्याला कोणाचाही राग आला नव्हता. आपल्या तुकड्यात नऊ सेकंद नेमके कुठे खर्ची पडले, एवढेच त्याला जाणून घ्यायचे होते. त्याने आपला तुकडा पुन्हा चालवला.

दोन पूर्णांक सहा.

त्याने चष्मा पुसून परत कळ दाबली. दोन पूर्णांक सहा. शेखरचा तुकडा चालवला. तीन पूर्णांक एक. क्रम बदलला, पुन्हा बदलला. आकडे आपल्या जागेवरून ढळेनात.

मग त्याच्या ध्यानी आले. नुकत्याच सुरू केलेल्या यंत्राला ती फाइल पहिल्यांदा चकतीवरून उचलून आणावी लागते. एकदा आणली की ती त्याच्या स्मरणात तयार राहते. पहिल्याने विहिरीतून पाणी शेंदायचे आणि मागून येणाऱ्याने भरल्या बादलीत तांब्या बुडवायचा, असा तो प्रकार. हे त्यानेच शेखरला शिकवले होते. "पहिलं माप फेकून द्यायचं बे, ते कधी धरायचं नाही," असे तो शेखरच्या पाठीवर थाप मारून म्हणाला होता. मग आज तो स्वतः कसा विसरला? याचे उत्तर त्याला तत्काळ सापडले आणि त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. चौघांदेखत मिळालेल्या मानाने तो सुखावला होता.

शेखरही विसरला असेल, या विचाराने त्याला इतके हायसे वाटले की तो त्याला हाक मारायला उठलासुद्धा. उठता उठता त्याची नजर चाचणीच्या नोंदींवर गेली. प्रत्येक धावेचा दिवस, क्रम आणि वेळ तो प्रोग्राम आपोआप लिहून ठेवत असे. गुरुवारच्या पाच नोंदी होत्या. पहिल्या चारांत आधी शेखरचा तुकडा, मग जीवनचा. चारही वेळा शेखर हरलेला. त्यानंतर यंत्र बंद करून सुरू केल्याची खूण. पाचव्या नोंदीत आधी जीवनचा तुकडा, मग शेखरचा. शेखर जिंकलेला. त्यापुढे गुरुवारी एकही धाव नव्हती.

शेखर चहाचे दोन पेले घेऊन आत आला. एक त्याने नेहमीप्रमाणे जीवनच्या उजव्या हाताशी ठेवला.

"गुरुवारी तू एकटाच होता इथं?"

शेखरने पडद्याकडे पाहिले. आपला पेला त्याने तोंडाला लावलाच नाही.

"हाव."

"चार डाव तू पहिले तुहं चालवलं."

"हाव, दादा."

"अन् आज मले पहिला मान दिला. म्या नाही म्हटलं असतं तर?"

"तुमी नाही म्हणत नसता," शेखर हळूच म्हणाला. "चार वर्षं झाले पाहून राह्यलो. लग्नात फोटोले बोलावलं तरी तुमी मधातच उभे राहता."

जीवनने चहाचा पेला एक बोटभर दूर सारला.

"काऊन केलं तू असं?"

"पोरीची शाळा इथं हाय, दादा. आईचं दुखणं हाय. मले जानेफळ जमत नाही."

"मले जमते?"

"तुमच्या मागं कोण हाय आता?"

तो हे दुष्टपणे म्हणाला नव्हता. हिशेब करून ठेवलेला माणूस बोलतो, तसे म्हणाला. जीवनची बायको जयमाला जाऊन दोन वर्षे झाली होती. त्या तेरा दिवसांत याच शेखरने कार्यालयाचे सारे काम एकट्याने ओढले होते आणि रोज संध्याकाळी येऊन तो ओट्यावर मुकाट्याने बसत असे. तेव्हा तो आपल्या दुःखात वाटेकरी होऊन बसला आहे, असे जीवनला वाटले होते. घरात कोण उरले, हेही तो मोजून गेला असावा, हे त्याला आज प्रथम कळले.

चार वाजता रमाकांतराव परतले. छायाताईंनी अहवाल टेबलावर ठेवला.

"साहेब," जीवन म्हणाला, "ही चाचणी उलट्या क्रमानं घेतली तर—"

"जीवनराव, नऊ आणि तीन. यात उलटंसुलटं काय करायचं? लहान मुलालाही कळतं." ते मोबाइलवर काही वाचत होते. "मनाला लावून घेऊ नका. सही करा."

जीवनने पेन उघडले. टाइप केलेल्या दोन ओळींच्या खाली त्याने आपल्या वळणदार अक्षरात लिहिले : 'यंत्र बंद करून नव्याने सुरू केल्यावर प्रथम जीवन, त्यानंतर शेखर. प्रत्येकी एकच धाव. पहिले माप वगळलेले नाही.' त्याखाली त्याने सही केली आणि तारीख घातली.

"हे काय वाढवलंत?"

"जे झालं तेच, साहेब."

रमाकांतरावांनी त्यावरून नजर फिरवली. त्यांना त्यात गैर काही दिसले नाही. त्यांनी कागद शेखरपुढे सरकवला.

शेखरने पेन हातात घेतले. त्याने वाचले, आणि पुन्हा वाचले. छायाताई शिक्का घेऊन बाजूला थांबल्या होत्या.

"कर सही," जीवन म्हणाला. "खोटं काहीच नाही त्यात."

पेनाचे टोक कागदापासून तसूभर वर राहिले. ते खाली टेकेना, आणि शेखरला ते बाजूलाही ठेवता येईना. बराच वेळ गेला, तेव्हा रमाकांतरावांनी मोबाइल टेबलावर पालथा ठेवला आणि मान वर केली.

"काय आहे, शेखर? त्या ओळीत काय आहे?"