आंबट श्वास

विज्ञानाच्या बाईंना स्वतःबद्दल शंका म्हणून कधी आली नव्हती. सातवीच्या पोरांना काहीही शिकवता येतं, फक्त त्यांच्या हाताला काम द्यावं लागतं, हे त्यांचं मत होतं आणि ते त्या कुणालाही, कुणी न विचारता, ऐकवायच्या. त्यामुळे मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, शुक्रवारचा प्रयोगाचा तास बंद करून गणिताच्या सरावाला द्यायचं काढलं तेव्हा विज्ञानाच्या बाई चिडल्या खऱ्या, पण घाबरल्या नाहीत.

"आधी एक तास येऊन बघा," त्या म्हणाल्या. "मग काय ते ठरवा."

"येते. पण मुलांना काहीतरी दिसलं पाहिजे. नुसता पसारा नको."

त्या शुक्रवारचा विषय होता समुद्राचं आम्लीकरण. असला जाडजूड शब्द आधी फळ्यावर लिहिला की पोरं तिथेच झोपतात, म्हणून बाईंनी तो लिहिलाच नाही. प्रत्येक बाकावर एक पेला ठेवला. त्यात थोडं पाणी, चिमूटभर मीठ, त्याहून कमी खायचा सोडा आणि जांभळा कोबी उकळून काढलेला रस. समुद्राचं पाणी किंचित अल्कधर्मी असतं, तसंच हेही, त्यामुळे रस छान निळा दिसत होता. आंबट काही पडलं की तो गुलाबी होतो, हे पोरांनी मागच्याच आठवड्यात लिंबू पिळून बघितलं होतं.

"हा आपला समुद्र," बाई म्हणाल्या. "गाड्या, कारखाने यांच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड हवेत जातो आणि त्यातला बराच समुद्र पोटात घेतो. आज कारखाने तुम्ही. तुमच्या श्वासातही तोच वायू आहे. नळीतून पाण्यात फुंका. ओढायचं नाही, फुंकायचं. ज्यानं ओढलं त्याची खैर नाही."

प्रयोगशाळेच्या काकांनी कागदी नळ्या वाटल्या. काकांचा त्या खोलीवर भारी जीव. हा तास गेला तर खोलीला कुलूप लागणार, हे त्यांनी बाईंच्या आधी ओळखलं होतं.

पोरांनी फुंकलं आणि एका दमात सगळे पेले गुलाबी झाले. वर्गात एकच गलका. मागच्या बाकावर बसलेल्या मोठ्या बाई चक्क उठून उभ्या राहिल्या. "हे मात्र गणितात दिसत नाही," त्या म्हणाल्या आणि पर्स उचलून निघायच्या तयारीला लागल्या.

विज्ञानाच्या बाईंना मात्र काहीतरी खटकलं. घरी त्यांनी हाच प्रयोग करून बघितला होता. दहा मिनिटं फुंकून गाल दुखले, तेव्हा कुठे निळ्यात जरा जांभळट झाक आली होती.

"बाई," पहिल्या बाकावरचा गोट्या हात वर करून म्हणाला, "माझा श्वास आंबट लागतोय."

"दात घासत जा की," मागून कुणीतरी म्हणालं आणि वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी उरलेल्यांतली एक नळी नाकाशी धरली. व्हिनेगर. त्यांनी काकांकडे बघितलं. काका पंख्याकडे बघत होते.

आता गप्प बसलं की काम फत्ते होतं. बाईंना मोह झाला, चांगला सणसणीत झाला. पण पोरं घरी काय घेऊन जाणार होती? एकदा फुंकलं की समुद्र गुलाबी होतो, हे? आपण असलं शिकवायचं आणि वर तास वाचवला म्हणून मिरवायचं, हे काही त्यांच्या पचनी पडेना.

"थांबा," त्या म्हणाल्या. "हा रंग खोटा आहे. नळ्यांना व्हिनेगर लागलंय. पेले धुवा, पुन्हा करायचं."

मोठ्या बाई पर्स ठेवून पुन्हा खाली बसल्या. काकांचा चेहरा पडला. त्यांनी नळ्यांचं नवं पाकीट आणून फोडलं.

या वेळी पाच मिनिटं झाली तरी काही होईना. पोरांचे गाल लाल झाले, पेले निळेच. "काहीच होत नाही," गोट्या कुरकुरला. "फुंकत राहा," बाई म्हणाल्या. आणखी पाच मिनिटांनी त्यांनी खिडकीत पांढरा कागद पसरला. त्यावर एक न फुंकलेला पेला ठेवला आणि शेजारी गोट्याचा. एक निळा, दुसरा जरासा जांभळट.

"एवढंच?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"एवढंच. समुद्रसुद्धा काही आंबट झालेला नाही. पूर्वी होता त्यापेक्षा थोडा कमी अल्कधर्मी झालाय. त्यालाच आम्लीकरण म्हणतात."

गवंड्याची मुलगी उभी राहिली. काहीही सहज सोडत नाही म्हणून तिला सगळे शंकाबाई म्हणत. "मग एवढ्यानं पोवळ्यांचं काय बिघडतं?"

"पोवळं हा इवलासा जीव. पाण्यातून लागेल तो माल घेऊन चुनखडीचं घर बांधतो. अशी हजारो घरं एकावर एक चढून समुद्रात भिंती होतात, माशांची पिल्लं तिथे वाढतात. पाणी असं बदललं की त्यातला बांधायचा माल कमी होतो."

शंकाबाईनं जरा विचार केला. "म्हणजे माझे बाबा भिंत बांधतायत आणि कुणीतरी त्यांच्या घमेल्यातून सारखा मूठमूठ माल काढून घेतंय. भिंत लगेच पडणार नाही. पण बाबा दिवसभर राबणार आणि संध्याकाळी भिंत सकाळी होती तेवढीच. त्यात लाटेनं थोडी पाडली, की झालं."

अभिमानानं बाईंचा ऊर भरून आला.

मोठ्या बाईंनी स्वतःच्या बोटातल्या अंगठीकडे बघितलं. त्यांच्या आईची होती ती, लाल पोवळ्याची. "हेही कुणीतरी असंच बांधलेलं?"

"हो," शंकाबाई म्हणाली. "आणि तेव्हा घमेलं भरलेलं होतं."

मोठ्या बाई खिडकीपाशी आल्या. दोन्ही पेले उजेडात धरून त्यांनी बराच वेळ बघितले. मग एक नळी घेतली, तिचा वास घेतला आणि तिसऱ्या पेल्यात दम लागेपर्यंत फुंकलं. रंग काही बदलला नाही. त्यांनी ओठ पुसले, पर्स उचलली आणि दाराशी काकांजवळ थांबल्या.

"काका," त्या म्हणाल्या, "पुढच्या शुक्रवारी नळ्या कोऱ्या ठेवा."