जोतिबाच्या उसाचा गूळ

गुऱ्हाळावर आलेल्या माणसाला गुळाचा खडा दिल्याबिगर परत धाडायचं नाही, ही कुंडल गावची रीत. दिलेला खडा नाकारायचाही नाही. पण आज शालूबाई ताट घेऊन फिरत होती आणि माणसं चुलाणाच्या जाळाकडं बघत होती, आभाळाकडं बघत होती, ताटाकडं सोडून सगळीकडं.

कारण गावाला ठाऊक होतं. गेल्या साली नवरा जोतिबा गेला, तेव्हा तिनं त्याची रक्षा नदीत न सोडता उसाच्या लागणीच्या सऱ्यांत विस्कटली होती. दीर कडाकडा भांडला, तरी. आज त्याच उसाचा हा गूळ. गावानं तोंड फिरवलं, तर जोतिबा मेल्यावर बाटला आणि बाटवणारी ती.

"घ्या की, पायगोंडाण्णा."

शेजारच्या रानातल्या पायगोंडानं हात मागं बांधले. "आवं वयनी, आमी जैन माणसं. कांदा खाईत न्हाई, माणूस कसा खाऊ?"

हशा पिकला. दीर सिद्धू म्हणाला, "मी तर सख्खा भाऊ. मला डब्बल पाप!"

शालूबाईनं ताट आपटलं. "जित्ते हुते तवा कुठं गेलतं पाप? भावजी, बांध तुमी कोरला. आण्णा, मोटर त्येंची आन् पाणी तुमच्या रानात. हाडं तेवढी सोडलीसा. आता ती बी गोड करून आणल्यात. खावा!"

सिद्धू काहिलीतला रस ढवळायला वळला.

पायगोंडानं बारका खडा उचलला, डोळे मिटून तोंडात टाकला. डोळे उघडले. "आयला," तो हळूच म्हणाला, "लय भारी उतरलाय."

मग ताटात हातावर हात पडले. सिद्धूनं दोन खडे घेतले. कुणी म्हणालं, घरी पोरांसाठी बांधून द्या.

शालूबाईला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. पण तिला दिसलं ते वेगळंच. मातीत गेलेला माणूस कांड्या-कांड्यांतून वर चढला होता आणि आता बोटं चाटणाऱ्या ह्या माणसांतून घरोघर निघाला होता.

"वयनी, तुमी न्हाई घेतला?" भरल्या तोंडानं सिद्धूनं विचारलं.

सगळे थांबले.

तिनं खडा उचलला. ऊन होता, तापात जोतिबाचं कपाळ असायचं, तेवढा. जिभेवर ठेवला.

"चावा की," पायगोंडा म्हणाला.

तिनं मान हलवली. दात लावायचं तिच्यानं होईना. खडा आपसूक विरत राहिला, आणि तो संपेपर्यंत गुऱ्हाळावर कुणी हललं नाही.